चिलटांची ओळखपरेड

नाव वाचून 'मेकॅनिकलच्या पोराला आता माशा मारायचंच काम उरलंय का?' असं तुमच्या मनात आलं असेल, तर ते अगदीच चूक नाही. गेल्या ऑक्टोबरमध्ये, सबमिशनच्या ऐन धामधुमीत, मी खरोखरच पंधरा दिवस माशांच्या मागे होतो. मारत नव्हतो, तर पकडत, मोजत आणि ओळखत होतो. या सगळ्याला कारण झाली माझीच एक सही.

झालं असं. गणपती गेले, पाऊस ओसरला, ऑक्टोबर हीट सुरू झाली आणि हॉस्टेलच्या मेसमध्ये बारीक माशांचा सुळसुळाट झाला. ताटावर, पाण्याच्या जगवर, भिंतीवर, जिकडे बघावं तिकडे चिलटं. एक दिवस एकाच्या आमटीत दोन सापडली आणि ठिणगी पडली. रात्री अकरा वाजता एक अर्ज फिरला : 'मेसमध्ये कमालीची अस्वच्छता असून मेस चालवणाऱ्या बाईंचे काम काढून घ्यावे.' उद्याचा जर्नलचा राइटअप लिहिता लिहिता मीही न वाचता सही ठोकून दिली. माझा नंबर सतरावा. दुसऱ्या दिवशी कळलं की मावशींना दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुदत मिळाली आहे. तोवर माशा गेल्या नाहीत तर मेस दुसऱ्याला देणार.

त्या संध्याकाळी ताट धुवायला गेलो, तर मावशी स्वतः ओणव्या बसून कोपरा फिनेलने पुसत होत्या. दिवसातून तिसऱ्यांदा. मला बघून म्हणाल्या, "अरे बाळा, केळ्यावरची चिलटं मी काय कधी बघितली नाहीत? ती उडतात. ही बघ, ही पळतात."

मी "हो ना मावशी" म्हणून सटकलो. पण रूमवर आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. माशी पळते? माझी मावसबहीण कृषी महाविद्यालयात शिकते. तिला फोन लावून सगळं सांगितलं. ताई म्हणाली, "बारीक माशी म्हणजे एकच माशी नसते. आधी ती पकड, मग मला विचार." तिथून ही ओळखपरेड सुरू झाली.

माशी कशाला म्हणायचं?

पहिला नियम सोपा आहे : पंख मोजा. खऱ्या माशीला दोनच पंख असतात, म्हणून या गणाला द्विपंखी म्हणतात. घरमाशी, डास, चिलट ही सगळी यातलीच. बहुतेक पंखवाल्या कीटकांना चार पंख असतात. भाताच्या पट्ट्यातली मुलं सांगतील की ऑक्टोबरमध्ये दिव्याखाली हिरव्या बारीक किड्यांचा खच पडतो. ते तुडतुडे. ते टुणकन उडी मारतात, त्यांना चार पंख असतात आणि ते शेतातून दिव्याकडे येतात. ते माशा नव्हेत, घरात वाढतही नाहीत. रात्री खिडकी लावली, दिवा मालवला की विषय संपला.

मग माशीचे मागचे दोन पंख गेले कुठे? त्यांच्या जागी टाचणीच्या डोक्यासारख्या दोन बारीक दांड्या उरल्या आहेत, त्यांना संतुलक म्हणतात. माशी उडताना या दांड्या पंखांच्या उलट तालात कंप पावतात. माशीचं अंग वळलं की त्यांच्यावर कोरिऑलिस बल येतं आणि आपण किती वळलो ते तिला कळतं. आपल्या मोबाइलमधला जायरोस्कोप याच तत्त्वावर चालतो. आपण थर्ड इयरला ज्याच्यावर सेमिनार देतो, ते माशी जन्मापासून वापरते!

पकडायचं आणि बघायचं कसं?

ताईने तीन सापळे सांगितले, तिन्हींचा खर्च चहाच्या बिलापेक्षा कमी.

१) बाटलीत दोन बोटं व्हिनेगर आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे माशी वर तरंगत न बसता बुडते.

२) रात्री झोपण्यापूर्वी मोरीच्या जाळीवर पारदर्शक चिकटपट्टीच्या दोन-तीन पट्ट्या, चिकट बाजू खाली करून. मध्ये थोडी फट ठेवायची, म्हणजे हवा खेळती राहते. मोरीतून वर येणारी माशी खालूनच चिकटते. सकाळी पट्टी उचलली की ती कुठून आली याचा पुरावा हातात!

३) कुंडीजवळ पिवळ्या कार्डावर थोडं ग्रीस. बऱ्याच बारीक माशांना पिवळा रंग ओढतो.

पकडलेली माशी काचेच्या बाटलीत घालून थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवली की तिची हालचाल थांबते. बघायला भिंग पुरतं. मी मात्र आगाऊपणा करून मेट्रॉलॉजी लॅबमधला टूलमेकर्स मायक्रोस्कोप गाठला. लॅब असिस्टंट काका म्हणाले, "इथं थ्रेडचा पिच मोजतात रे, माशीचं बूड नाही!" पण दोन मिनिटांनी तेच डोळा लावून बसले आणि "हिचे डोळे बघ, डोळे बघ" म्हणून मलाच जागा देईनात.

आता एकेक संशयित बघू.

संशयित पहिला : फळांवरचं चिलट

आपण सरसकट चिलट म्हणतो ते बहुतेक वेळा हेच, म्हणजे ड्रोसोफिला. लांबी सुमारे अडीच ते तीन मिलिमीटर, अंग पिवळसर तपकिरी, पोटावर गडद पट्टे आणि मुख्य खूण म्हणजे लाल डोळे. उडणं संथ, जागच्या जागी घिरट्या घातल्यासारखं. याच चिलटावर टॉमस हंट मॉर्गन यांनी कोलंबिया विद्यापीठात काम केलं. १९१० साली त्यांना लाल डोळ्यांच्या गर्दीत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि त्यातून गुणसूत्रं आणि आनुवंशिकता यांचं नातं उलगडलं. १९३३ साली मॉर्गनना नोबेल मिळालं. म्हणजे आपल्या डस्टबिनवर घिरट्या घालणारा प्राणी नोबेलवाल्या घराण्यातला आहे.

याला आंबणारी गोष्ट लागते. पिकलेलं केळं, फुटलेला पेरू, सीताफळाच्या साली, कॉटखाली विसरलेली कोल्ड्रिंकची बाटली. पाऊस संपताना पेरू-सीताफळाचा हंगाम, हवेत ओल आणि वरून उकाडा, हे तिन्ही एकत्र येतं म्हणून शरदात याचं फावतं. २५ अंश तापमानाला अंड्यापासून माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात, १८ अंशाला जवळपास दुप्पट. एक मादी आयुष्यात काहीशे अंडी घालते. चारशे धरा, त्यात निम्म्या माद्या, आणि दोन पिढ्यांचा हिशेब कागदावर करून बघा. पुन्हा कधी केळ्याची साल टेबलाखाली टाकणार नाही.

एक घोळ इथेच मिटवू. शेतकरी ज्याला फळमाशी म्हणतात, जी आंब्यात-पेरूत अळ्या करते, ती वेगळी. ती जवळपास घरमाशीएवढी असते आणि चांगल्या फळाला भोक पाडून आत अंडी घालते. तिच्यासाठी बागेत लावतात तो मिथाइल युजेनॉलचा सापळा तिच्या नरांना ओढतो, आपल्या चिलटांसाठी त्याचा उपयोग नाही.

उपाय : आंबणारी गोष्ट शोधून बाहेर काढा, डस्टबिन धुवा. व्हिनेगरची बाटली उरलेल्यांसाठी.

संशयित दुसरा : मोरीतली माशी

बाथरूमच्या टाइलवर छोट्या राखाडी बदामासारखी चिकटून बसलेली केसाळ माशी सगळ्यांनी बघितली आहे. जणू फुलपाखराचं बाळ. इंग्रजीत तिला मॉथ फ्लाय किंवा ड्रेन फ्लाय म्हणतात. दिवसभर भिंतीवर बसते, हुसकावली तर फूटभर उडून परत बसते. चिरडली तर राखेसारखा डाग पडतो. हिच्या अळ्या मोरीच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतात आणि तोच खातात. वरून गरम पाणी किंवा ब्लीच ओतलं तरी त्या थरात त्या सुखरूप असतात.

हिच्यावरून आमच्या विंगमध्ये वेगळीच घबराट पसरली होती. एका मित्राला ताप आला आणि कुणीतरी सांगितलं की चांदीपुरा विषाणू पसरवणारी ती हीच. विषय गमतीचा नाही. हा विषाणू १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांमध्ये सापडला, २००३ साली आंध्र आणि महाराष्ट्रात आणि २०२४ साली गुजरातेत त्याने लहान मुलांचे जीव घेतले. तो पसरवणारी वाळूमाशी, म्हणजे सँड फ्लाय, मोरीतल्या माशीच्याच कुळातली आहे, म्हणून गफलत होते. पण फरक साध्या डोळ्यांना दिसतो. मोरीतली माशी पंख छपरासारखे अंगावर पसरून बसते. वाळूमाशी बारीक, लांब पायांची आणि बसली की पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उभे धरते. ती चावते, मोरीतली चावत नाही. वाळूमाशी भिंतींच्या भेगांत, गोठ्याजवळच्या दमट कचऱ्यात वाढते, बाथरूमच्या पाइपात नाही. आमच्या टाइलवरच्या चौदाच्या चौदा माशा छपरवाल्या निघाल्या. मित्राचा तापही तिसऱ्या दिवशी उतरला.

उपाय : जाळी काढून लांब ब्रशने पाइपाच्या आतला थर खरवडा, मगच गरम पाणी ओता. आणि कृपा करून ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर आणि ब्लिचिंग पावडर एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. माशीच्या आधी आपणच आडवे होऊ.

संशयित तिसरा : कुंडीतलं चिलट

हे काळपट, सडपातळ, लांब पायांचं, लांब मिशांचं, थोडक्यात डासाची गरीब आवृत्ती. पण सोंड नाही, चावणं नाही. भिंगातून पंखावर इंग्रजी वाय अक्षरासारखी शीर दिसते. नाव फंगस नॅट. हे लॅपटॉपच्या स्क्रीनभोवती आणि चहाच्या कपावर नाचतं. माझ्या रूममेटने खिडकीत मनी प्लांट ठेवला होता आणि जीव लावून रोज पाणी घालत होता. ताईच्या सांगण्यावरून मातीवर बटाट्याची चकती ठेवली. दोन दिवसांनी उलटून पाहिली तर खाली काळ्या चकचकीत डोक्याच्या पांढऱ्या अळ्या! त्या ओल्या मातीतली बुरशी आणि कोवळी मुळं खातात.

उपाय : पाणी कमी करा. वरची इंचभर माती पूर्ण वाळल्यावरच पुन्हा घाला. रूममेटला हे प्रेमभंगासारखं वाटलं, पण प्लांट जगला.

संशयित चौथा : कुबडी

आता मेसकडे येऊ. तिथे मी व्हिनेगरच्या चार बाटल्या ठेवल्या होत्या. दोन दिवसांत सगळ्या मिळून सात माशा, आणि समोर भिंतीवर शेकडो. म्हणजे या फळांवरच्या नव्हत्याच. ग्लास पालथा घालून एक पकडली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली. लांबी २.३ मिलिमीटर. डोळे लाल नाहीत. डोकं लहान आणि खाली झुकलेलं, मागे पाठीचा उंच बाक, बाजूने बघितलं तर चक्क कुबड. मागच्या मांड्या रुंद. पंखाच्या पुढच्या कडेला जाड शिरांचा झुबका आणि बाकी पंखावर दोन-चार फिकट रेघा. आणि जिवंतपणी? हात जवळ नेला की उडायच्या आधी ती टेबलावरून धावत सुटते, थांबते, दिशा बदलते, परत धावते.

मावशींनी भिंगाशिवाय ओळखलं होतं ते हेच. ही पळतात.

फोटो बघून ताईने सांगितलं, "फोरिड. या कुजकट ओल्या जागी वाढतात. यांच्या एका भाईबंदाला कॉफिन फ्लाय म्हणतात, कारण ती जमिनीत पुरलेल्या प्रेतापर्यंत पोहोचते. म्हणजे माती हिला अडवत नाही. स्वयंपाकघर स्वच्छ असूनही या दिसत असतील, तर ओट्यावर बघू नकोस. जमिनीखाली बघ."

रात्री आम्ही मेसमधल्या तिन्ही जाळ्यांवर पट्ट्या लावल्या आणि सहज म्हणून ताटं धुवायच्या कट्ट्याखाली, भिंत आणि फरशी मिळते तिथल्या भेगेवरही एक लावली. सकाळी जाळ्यांवर अनुक्रमे दोन, शून्य आणि तीन. भेगेवरच्या पट्टीवर एकेचाळीस! सलग तीन रात्री हाच प्रकार.

इथे सिव्हिलचा मित्र मदतीला आला. तो म्हणाला, "फरशीखाली पाइप फुटला असेल तर आत ओतलेलं पाणी बाहेरच्या चेंबरला पूर्ण पोहोचणार नाही." म्हणजे आपलं कंटिन्युइटी इक्वेशनच की! रेनॉल्ड्सच्या प्रयोगाचा रंग मागून आणला, चेंबरच्या तोंडाशी बोळा लावला आणि कट्ट्यावरून चार बादल्या रंगीत पाणी सोडलं. चेंबरमध्ये जेमतेम अडीच बादल्या आलं. उरलेलं दीड बादली पाणी फरशीखाली मुरलं होतं.

पट्ट्या, आकडे आणि माशीचा फोटो घेऊन आम्ही रेक्टर सरांकडे गेलो. सर आधी हसले, मग त्यांनी सिव्हिलच्या सरांना बोलावलं. दुसऱ्या दिवशी प्लंबर काकांनी चार फरश्या उचलल्या. खाली जुन्या पाइपाचा सांधा निखळलेला. कितीतरी दिवसांचं खरकटं पाणी तिथे झिरपून माती काळीकुट्ट झाली होती आणि त्या मातीत अळ्या अक्षरशः वळवळत होत्या. वास असा की आम्ही दोघंही त्या दिवशी जेवलो नाही. वर मात्र मावशींची फरशी लखलखीत. त्या दिवसातून तीनदा जिथे पोछा मारत होत्या, त्याच्या हातभर खाली ही फॅक्टरी चालू होती. फिनेल काय, स्प्रे काय, सगळं वरच्या वर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

सांधा बदलला, ती कुजकी मातीही उपसून नेली. माती काढणं महत्त्वाचं, नाहीतर पाइप नवा आणि माशा जुन्याच. त्यानंतरही दोन-अडीच आठवडे थोड्या माशा दिसत राहिल्या, कारण आधीच कोषात गेलेल्या बाहेर पडत होत्या. पट्टीवरचा आकडा एकेचाळीसवरून एकोणीस, सहा, एक असा उतरला. दिवाळीच्या सुट्टीला निघायच्या आदल्या दिवशी पट्टी कोरी होती.

थोडक्यात ओळख

तुमच्या रूममध्ये चिलटं दिसली तर स्प्रे उचलण्याआधी क्रमाने हे प्रश्न विचारा :

* पंख चार आणि उडी मारतंय? तुडतुडा. दिवा मालवा.
* लाल डोळे, संथ घिरट्या, फळाभोवती? ड्रोसोफिला. आंबलेलं शोधा.
* केसाळ, पंख छपरासारखे, बाथरूमच्या भिंतीवर? मोरीतली माशी. पाइप आतून घासा.
* केसाळ, पंख वर उभे, चावते? वाळूमाशी असू शकते. हिला मात्र हलक्यात घेऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा.
* काळी सडपातळ, लांब मिशा, कुंडीजवळ? फंगस नॅट. पाणी कमी करा.
* कुबड आणि पळापळ? फोरिड. कचरा आणि खरकटं साफ असेल तर जमिनीखाली संशय घ्या.

स्प्रे मारून मरते ती समोर दिसणारी माशी. पुढची पिढी अळी होऊन दुसरीकडे बसलेली असते, तिथवर फवारा पोहोचत नाही. मशीन गरम होतंय म्हणून आपण वरून पंखा लावून गप्प बसत नाही, बेअरिंग उघडून बघतो. तसंच हे.

राहिला तो अर्ज. आम्ही दुसरा अर्ज लिहिला, पहिला मागे घेत असल्याचा. सह्या गोळा करायला या वेळी मीच दारोदार फिरलो. ज्या पोरांनी पहिल्या अर्जावर अर्ध्या मिनिटात सही केली होती, त्यांनी दुसरा मात्र नीट वाचून घेतला, दोघांनी तर मायक्रोस्कोपचा फोटोही मागितला. मेस मावशींकडेच राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेल्यांत मीही होतो, हे मी त्यांना स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. मला वाटलं, त्या रागावतील, निदान ऐकवतील तरी. त्यांनी तव्यावरची पोळी उलटली आणि म्हणाल्या, "मी तुला तेव्हाच सांगितलं होतं ना, ही पळतात म्हणून?"

सांगितलं होतं. मीच ऐकलं नव्हतं.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी